नाचणी खाणारे वाढलेत, लावणारे कुठायत?

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर नाचणीच्या रेटवरनं चांगलीच जुंपली. झालं असं की दिवाळीनंतर आम्ही ऐरोलीतली काही घरं मिळून शहापूर तालुक्यातल्या एका ओळखीच्या मावशींकडनं नाचणी मागवतो, डोळखांबच्याही पुढे त्यांचा पाडा आहे, आणि यंदा त्यांनी रेट वाढवून नव्वद रुपये किलो सांगितला. झालं. लगेच एक काका "मॉलमध्ये याच्यापेक्षा स्वस्त आहे", दुसऱ्या ताई "मधला दलाल नाही तरी एवढं महाग?", आणि एकाने तर "हे गरिबाचं धान्य ना, मग एवढा भाव कशाला" असं लिहून वर हसणारा इमोजी टाकला. मी उत्तर टाइप करायला बसले आणि ते एवढं लांबत गेलं की ग्रुपवर टाकलं असतं तर अ‍ॅडमिनने मलाच काढलं असतं, म्हणून इकडे लिहितेय.

आधीच सांगते, ही पोस्ट "नाचणीचे दहा फायदे" टाइप नाहीये. ते फायदे आता सगळ्यांना पाठ आहेत. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं, त्याच्या आधी २०१८ मध्ये आपण आपलं आपलं राष्ट्रीय वर्ष साजरं केलं होतंच, मग २०२३ च्या बजेटमध्ये 'श्री अन्न' हे नाव आलं, आणि त्यानंतर नाचणीच्या कुकीज, नाचणीचे चिप्स, नूडल्स, इन्स्टंट डोसा, काय वाट्टेल ते निघालं. नवी मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या दुकानात आता मिलेटची वेगळी रॅक असते. त्यातलं एखादं पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याचदा आधी मैदा किंवा गहू, मग साखर, मग पामतेल, आणि नाचणी कुठेतरी मागच्या बाकावर बसलेली. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियमच आहे, त्यामुळे कोणाचं राज्य आहे ते लगेच कळतं. असो, खा बापडे. पण ते खाऊन आपण नाचणी वाचवतोय असं कोणी समजू नये.

माझं म्हणणं असंय की नाचणीचा प्रॉब्लेम खाणाऱ्यांचा राहिलेलाच नाही, नाचणीचा प्रॉब्लेम मजुरीचा आहे. लावायला हात नाहीत, निंदायला हात नाहीत, कणसं खुडायला नाहीत, आणि जे हात आहेत ते साठीच्या पुढचे आहेत. आणि हे समजून घ्यायचं तर आपल्या ठाणे जिल्ह्यात ती कुठे आणि कशी पिकते ते बघायला लागतं, कारण सगळीकडे मिलेटबद्दल जे सांगतात ते आपल्याकडे अर्धंच लागू होतं.

उदाहरणार्थ पाणी. प्रत्येक लेखात पहिलं वाक्य तेच, की भाताला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं आणि भरडधान्याला साडेतीनशे-चारशेत भागतं. बरोबर आहे, सोलापूरच्या ज्वारीला, नगर-नाशिककडच्या बाजरीला हे शंभर टक्के लागू. पण शहापूर-मुरबाडला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो हो! तिथे कोणी पाणी वाचवायला नाचणी लावत नाही. तिथे नाचणी आहे ती उतारामुळे. भाताला बांध घातलेलं सपाट खाचर पाहिजे, त्यात पाणी तुंबून राहिलं पाहिजे. ज्याच्या वाट्याला नुसता डोंगराचा उतार आलाय, खाली मुरूम आणि वर वीतभर माती, तिथे कितीही धो धो कोसळला तरी पाणी दोन तासांत ओढ्याला लागतं. अशा जमिनीला वरकस म्हणतात. तिथे भात मरतो आणि नाचणी उभी राहते, वरी (जिची भगर होते ती) उभी राहते. बऱ्याच आदिवासी कुटुंबांकडे असलेली जमीन हीच, त्यातली पुष्कळशी तर जंगलातली, जी २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर वनपट्टा म्हणून नावावर यायला लागली. म्हणजे चांगली खाचरं ज्यांची त्यांचा भात, आणि उरलेल्यांची नाचणी. 'गरिबाचं धान्य' म्हणून हसणाऱ्या दादांना हे सांगायचं होतं, की धान्य गरीब नव्हतं, जमिनीची वाटणी तशी होती.

आणि पाण्याचा विषय निघालाच आहे तर, भातसा, तानसा, वैतरणा ही सगळी धरणं तिकडचीच. मुंबईचा नळ त्याच्यावर चालतो, ठाण्यालाही त्यातलंच पाणी येतं. आणि एप्रिल-मे उजाडला की त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. ही बातमी दरवर्षी येते, फोटोही तोच, हंडे घेऊन रांगेत बायका. त्यामुळे तिथे रब्बी वगैरे विसरा. पावसाच्या चार महिन्यांत जे काय निघेल ते निघेल, त्यावर वर्ष काढायचं.

आता लागवड. मावशींकडे मी आसनगावला उतरून जाते, ठाण्याहून कसारा लोकल पकडायची, पुढे जीप. पहिल्यांदा मी मे महिन्यात गेले तेव्हा जमिनीचा एक तुकडा काळा पडलेला दिसला, मला वाटलं आग लागली की काय. तो राब होता. जिथे रोपं तयार करायची त्या जागेवर शेण, झाडांची तोडलेली टहाळं, पातेरा, गवत असे थर लावून वर माती टाकून उन्हाळ्यात ते भाजतात. त्याने तणाचं बी मरतं, राख मिळते, पहिल्या पावसात रोपं जोमाने वर येतात. कृषी विद्यापीठवाले कितीतरी वर्षं सांगतायत की राब भाजू नका, त्याच्याऐवजी गादीवाफे, म्हणजे मातीचे उंच वाफे करा, आणि त्यांचं चूक नाहीये, टहाळ तोडून तोडून झाडं बोडकी होतात आणि धूर तर आहेच. पण गादीवाफ्यावर उगवणारं तण काढायला परत माणसंच लागतात ना. मावशी सरळ म्हणाल्या, "ताई, तो विस्तव माझं आठ दिसाचं काम करतो."

जूनमध्ये पेरलेलं रोप तीन-चार आठवड्यांचं झालं की जुलैत लावणी. इथे खरी गंमत आहे, म्हणजे गंमत नाही, वैताग आहे. त्याच दिवसांत भाताचीही आवणी असते. सगळ्या गावाला सगळे मजूर त्याच पंधरवड्यात पाहिजे असतात आणि पहिला मान भाताचा. स्वतःचा भात, मग दुसऱ्याच्या भातावर मजुरी कारण तिथे रोख मिळते, आणि मग जीव उरला तर वर डोंगरावर नाचणी. काही ठिकाणी रोपं नीट रोवत पण नाहीत, नांगरलेल्या उतारावर मुळाच्या बाजूने तिरकी टाकत टाकत पुढे जातात, पाऊस लागून असेल तर ती दोन-तीन दिवसांत जीव धरतात, आणि पावसाने दडी मारली तर गेली. मी एकदा हौसेने गेले होते लावणीला. उतारावर एक पाय वर एक पाय खाली ठेवून वाकून चालायचं, वरनं पाऊस, अंगावर प्लास्टिकची खोळ, आणि पायाखालची माती सरकतेय. मी चहाच्या वेळेपर्यंत टिकले. मावशींच्या सासूबाई, वय विचारू नका, त्या संध्याकाळपर्यंत होत्या.

त्यानंतर निंदणी. नाचणीचं रोप आणि तिच्यातच वाढणारं एक रानगवत सुरुवातीला अगदी सारखंच दिसतं, माझ्या डोळ्यांना तर कणीस येईपर्यंत फरक कळला नाही. यंत्र फिरवायचं तर ओळी पाहिजेत, ओळी पाडायच्या तर जमीन सपाट पाहिजे, आणि जमीन सपाट असती तर तिथे भात लावला नसता का! हे असं फिरून फिरून तिथेच येतं सगळं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात कणसं तयार होतात. नाचणीचं कणीस बघितलंय का कधी? बोटं अर्धवट मिटलेल्या मुठीसारखं दिसतं, हिरवं असताना मऊ लागतं आणि पिकत आलं की तपकिरी होऊन बोटं आत वळतात. आणि ही कणसं एकदम पिकत नाहीत. मधल्या दांड्याचं आधी, बाजूच्या फुटव्यांचं नंतर. त्यामुळे विळ्याने एक फेरी, मग आठ-दहा दिवसांनी दुसरी. थांबून सगळं एकदम कापू म्हटलं तर आधीचं गळतं नाहीतर पाखरं खातात, रानडुक्कर आलं तर विषयच संपला. खुडलेली कणसं काही दिवस ढीग घालून झाकून ठेवतात, त्याने दाणा सुटायला सोपा जातो. मग सारवलेल्या खळ्यावर काठीने झोडपायचं, सुपाने वाऱ्यावर उफणायचं, परत झोडपायचं. खळ्यावर चपला काढूनच जायचं, वारल्यांमध्ये धान्य म्हणजे कणसरी, देवीच ती. मी उभी होते तेव्हा झोडपणी चालू होती, आणि त्या धुळीने, म्हणजे कणसाचा जो बारीक कोंडा उडतो ना त्याने, हाताला मानेला नुसती खाज. मावशींनी तोंडाला पदर बांधला होता आणि भुवया पार पांढऱ्या झाल्या होत्या. एका सुपात जे उरतं ते बघून रडू येईल एवढंसं असतं. हजार दाण्यांचं वजन जेमतेम अडीच-तीन ग्रॅम. म्हणजे एका किलोत साडेतीन-चार लाख दाणे, आणि त्यातला प्रत्येक हाताखालून गेलेला.

तरी नाचणी बरी म्हणायची. तिला टरफल काढायची भानगड नाही, धुतली वाळवली की सरळ गिरणीत. खरी परीक्षा वरीची. आपण उपासाला जे वरीचे तांदूळ खातो ना, भगर, ते पांढरे शुभ्र दिसायच्या आधी त्याच्यावर घट्ट चिकटलेलं साल असतं. एवढ्याशा दाण्याचं साल काढायचं तर उखळात घालून मुसळाने कांडायचं, पाखडायचं, परत कांडायचं, परत पाखडायचं, आणि जोर जास्त झाला तर चुरा. पूर्वी घरातल्या बायका पहाटे उठून हेच करायच्या. आता पाड्यावरच्या पोरी म्हणतात आम्ही नाही करणार, आणि का करावं त्यांनी? मी तरी त्यांना "परंपरा जपा" म्हणायला जाणार नाही, मला स्वतःला मिक्सरमध्ये चटणी फिरवायचा कंटाळा येतो. त्यामुळे वरी कमी होत चाललीय, आणि जी होते ती बऱ्याचदा सालासकट व्यापाऱ्याला जाते, तो मोठ्या मिलवाल्याला विकतो, आणि तीच पॉलिश होऊन एकादशीच्या आदल्या दिवशी आपल्या किराणावाल्याकडे परत येते. मधला सगळा पैसा सालाच्या पलीकडे राहिला. आणि केंद्राचा हमीभाव जो आहे तो ज्वारी, बाजरी आणि नाचणीला, वरीला तोही नाही.

हमीभावावरून आठवलं, आता रेटचा हिशोब करू, ज्याच्यासाठी हे सगळं सुरू केलं. २०२५-२६ च्या खरिपाला नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये आहे, साध्या भाताचा २,३६९. म्हणजे कागदावर नाचणी भाताच्या दुप्पट. वाढ पण चांगली झालीय, २०२३-२४ ला ३,८४६ होता. मग लोक लावत का नाहीत? कारण उतारावरच्या जमिनीत एकरी चार-पाच क्विंटल आली तरी बरी आली म्हणतात. साडेचार धरा, हमीभावाने झाले बावीस हजार. आता लावणी, निंदणी दोनदा, खुडणी दोनदा, झोडपणी, सगळं मिळून समजा चाळीस रोज धरले, साडेतीनशे रुपये रोजाने चौदा हजार गेले. नांगराचे बैल भाड्याने, कारण ट्रॅक्टर त्या उतारावर चढत नाही. हातात राहिले पाच-सहा हजार, अर्ध्या वर्षाचे. घरच्या माणसांनी राबलं तर मजुरी वाचते असं म्हणतात, पण ती वाचते म्हणजे काय होतं, तर मावशी आणि त्यांची सासू फुकट राबतात.

आणि हमीभावाला विकणार तरी कसं. आदिवासी भागात खरेदी केंद्रं असतात, पण तिथे नोंदणी, कागद, वाहतूक असं सगळं असतं, आणि घरचं खाऊन उरलेली गोण-दोन गोणी घेऊन एवढा खटाटोप कोण करेल? मग ती आठवडी बाजारात किलोने जाते, नाहीतर दारात आलेल्या टेम्पोवाल्याला, तो म्हणेल त्या भावाने. कोणा एकाचा राग नाही, एवढा कमी माल घेऊन सौदा करायला गेलं की असंच होतं.

दुसरीकडे बघा, त्याच घरातला मुलगा पडघा-भिवंडीच्या पट्ट्यात गोडाऊनला जातो. तिकडे किती वेअरहाऊस झालेत ते समृद्धी महामार्गाने जाताना दिसतंच, आता तो रस्ता आमणेपर्यंत पूर्ण झालाय २०२५ च्या जूनमध्ये, म्हणजे अजून वाढणार. महिन्याला बारा-पंधरा हजार, शिफ्ट, वर छप्पर. आणि ऑनलाइन ऑर्डर केलेलं नाचणीचं नूडल्सचं खोकं कदाचित तोच मुलगा पॅक करत असेल, मला हा विचार आला की हसू पण येतं आणि कसंतरी पण होतं. त्याला कोणी सांगावं की बाबा तू डोंगरावर जाऊन नाचणी लाव, जगाला सस्टेनेबल अन्न पाहिजे?

त्यात वरकस जमीन पहिली विकली जाते. भाताचं खाचर विकताना माणूस दहादा विचार करतो, पण डोंगराकडेचा तुकडा, जिथे आता काही लावत नाही, तो "व्ह्यू आहे" म्हणून फार्महाऊसवाला बरोब्बर हेरतो. मुरबाड, शहापूर, कर्जत, सगळीकडे बोर्ड लागलेत एनए, म्हणजे बिगरशेती प्लॉटचे. आणि आपणच घेतो ते, बाहेरून कोण येतंय. (आमच्या ग्रुपवरच्या दोघांचे आहेत. नाचणी महाग म्हणणाऱ्यांपैकी एक.)

शिवाय रेशन. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असं होतं, आणि २०२३ च्या जानेवारीपासून ते सगळं फुकट झालं. चांगलंच झालं, पोट भरतं लोकांचं, त्याला नावं ठेवायला मी काय वेडी नाहीये. पण आपल्या भागात रेशनवर पिशवीत पडतो तो मुख्यतः तांदूळ आणि गहू. मग दिवसभर वाकून नाचणी लावायची, झोडपायची, दळायची आणि भाकरी थापायची, की दुकानातला तांदूळ आणून कुकर लावायचा? तुम्ही काय कराल? मुलांची चव पण तशीच बदलते. मावशींची नातवंडं नाचणीची भाकरी बघून तोंड वाकडं करतात, आणि आमच्या बिल्डिंगमधली मुलं नाचणीची बिस्किटं आवडीने खातात. उलटंच झालंय सगळं.

पोषणाचं एकच लिहिते कारण विचारतात फार. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात नाचणीत शंभर ग्रॅमला साधारण ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलंय, गव्हाच्या पिठात तीसच्या आसपास, पांढऱ्या तांदळात दहासुद्धा नाही. त्यामुळे बाळाला नाचणीचं सत्त्व द्यायची आजीची पद्धत अगदी योग्य होती, आणि मोड आणल्याने ते अंगी लागायलाही मदत होते. पण प्रथिनं गव्हापेक्षा कमी आहेत, आणि नाचणीने शुगर बरी होते वगैरे जे फॉरवर्ड फिरतात ते सोडून द्या. भाकरी आणि साखर घातलेलं बिस्कीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पाकिटावर कणसाचा फोटो असला तरी.

आणि नाचणी म्हणजे अगदी सोवळी पर्यावरणवादी असंही नाही हां. उतार नांगरला आणि त्यावर अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडला तर माती वाहतेच. जुन्या लोकांनी त्यावर तोडगा काढला होता, पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग खुरासणी (तेलबी) किंवा उडीद, आणि मग जमीन काही वर्षं पडीक, गवत-झुडूप वाढू द्यायचं. जमिनीचे तुकडे पडत गेले तशी ती विश्रांती कमी झाली. आता त्याच तुकड्यात दरवर्षी तेच, बांधबंदिस्ती नाही, मग उत्पन्न कमी, मग मजुरी परवडत नाही. खतं-औषधं न घालता येते हे खरं, करपा सोडला तर तिला फारसे रोग पण नाहीत, आणि साठवणुकीला तर तोड नाही, दाणा एवढा लहान आणि टणक की किडा आत शिरत नाही, कणगीत वर्षानुवर्षं राहते. दुष्काळात हीच कणगी उघडायचे लोक. म्हणजे टिकाऊ आहे ती, प्रश्नच नाही. तिच्यामागे राबणाऱ्याचं पण टिकलं पाहिजे एवढंच.

बियाणं हा अजून एक विषय. मावशींकडे घरचीच जात आहे, हळवी म्हणतात, म्हणजे लवकर येणारी, उताराच्या वरच्या बाजूला तीच लावतात कारण तिथला ओलावा आधी संपतो. खालच्या अंगाला गरवी, म्हणजे उशिरा येणारी. चांगली कणसं निवडून चुलीच्या वर धुरात टांगून ठेवतात पुढच्या वर्षासाठी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने सुधारित वाण काढलेत, दापोली-१ वगैरे, उत्पन्न जास्त आहे, आणि ज्यांना मिळतं ते लावतातही. दोन्ही असावं असं माझं मत. फक्त घरची जात अशी आहे की एक-दोन वर्षं लावली नाही की संपली, ती कुठल्या दुकानात मिळत नाही.

बरं, मग आपण ऐरोली-ठाण्यात बसून काय करायचं. एक तर दाणे घ्या, पीठ नको, बिस्कीट तर नकोच. दाणे घेतले की वर्षभर टिकतात, लागेल तसं दळता येतं. खळ्यावरची नाचणी असल्यामुळे त्यात माती, बारीक खडे येतात, त्यावरून पण ग्रुपवर बोंब झाली होती. पाण्यात घालून रोळून घ्यायची, म्हणजे परातीत हलवत हलवत वरची नाचणी काढत जायचं, खडे तळाला राहतात. मग कापडावर पसरून कडक वाळवायची. आमच्या सेक्टरमधला गिरणीवाला नाचणी बघितली की कपाळाला आठ्या घालतो, कारण नंतरच्या गव्हात लाल पीठ उतरतं, म्हणून त्याच्याकडे दुपारी बंद करायच्या वेळेला जायचं, शेवटचं दळण म्हणून घेतो. भाकरीला पाणी उकळतंच पाहिजे, कोमट चालत नाही, आणि काठ चिरले तर चिरू दे, ती फुलक्यासारखी गोल येणारच नाही. गरम गरम भाकरी, वर लसणीची चटणी किंवा सुक्या जवळ्याची, आमच्याकडे आगरी शेजारीण करते तशी. शिळी झाली तर ताकात कुस्करून.

दुसरं, पैसे आधी द्या. खरंच. आमच्यातल्या तीन घरांनी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर अर्धे पैसे आगाऊ दिले, आणि मावशींनी त्यात लावणीला दोन बायका जास्त लावल्या. डिसेंबरच्या नव्वद रुपयांपेक्षा जुलैमधले चाळीस जास्त कामाचे असतात. त्याच वेळी हातात पैसा नसतो आणि त्याच वेळी मजूर पाहिजे असतो.

पण आपल्या काही घरांच्या ऑर्डरने हे पीक वाचणार नाही, एवढं मला कळतं. ओडिशाने २०१७ पासून मिलेट मिशन चालवलंय, कोरापूटकडच्या आदिवासी भागात, आणि तिकडे त्यांनी नुसतं खाणाऱ्यांकडे बघितलं नाही, गावातल्या मशीनकडे आणि खरेदीकडेही बघितलं. नाचणी हमीभावाने विकत घेतली, तीच रेशनवर तिथल्याच लोकांना दिली, अंगणवाडीत मुलांना नाचणीचे लाडू दिले. कर्नाटकातही रेशनवर नाचणी मिळते. म्हणजे जो पिकवतो त्यालाच आधी खायला मिळालं, आणि मग बाकीचे. आपल्या अंगणवाडीत, आश्रमशाळेत आठवड्यातून दोनदा शहापूरची नाचणी दिली तरी तालुक्यातली सगळी नाचणी तिथेच खपेल असं मला वाटतं, आणि आमच्या ग्रुपला मिळालीच नाही तरी चालेल.

आणि मशीन. नाचणी झोडपायचं छोटं थ्रेशर आणि वरीचं साल काढायचं मशीन, पाड्यापाड्यात नको, चार-पाच पाड्यांत मिळून एक, बचत गटाच्या ताब्यात. बऱ्याच कंपन्यांचे सीएसआरवाले, म्हणजे समाजकामाचा निधी बघणारे, हल्ली मिलेट मिलेट करत फिरत असतात, तुमच्यापैकी कोणाच्या ऑफिसात असा विषय निघाला तर बाजरीच्या लाडवांचा स्टॉल लावण्यापेक्षा हे सुचवा. फक्त घ्यायच्या आधी मशीन सिंगल फेजवर चालतं ना ते विचारून घ्या. मावशींच्या शेजारच्या गावात एक छान मोठं मशीन आलेलं आहे, थ्री फेजचं, आणि गावात थ्री फेज लाइन नाही, त्यामुळे त्याच्यावर सध्या गोण्या वाळत घालतात.